पत कुणाची? लोहाऱ्यातून दिसणारा कर्जाचा इतिहास

19 जुलै 1969, शनिवार. रात्री आकाशवाणीवरून पंतप्रधान इंदिरा गांधींनी जाहीर केलं की पन्नास कोटींहून जास्त ठेवी असलेल्या चौदा खासगी बँका आता सरकारच्या मालकीच्या झाल्या आहेत. मुंबईच्या फोर्टातल्या पेढ्यांना त्या भाषणाचा अर्थ तिथल्या तिथे कळला. यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या लोहारा गावासाठी मात्र बँकेचा मालक कोण, हा प्रश्नच लांबचा होता. अशा गावांतल्या सुताराला, लोहाराला, शिंप्याला, किराणा दुकानदाराला बँक दारात उभं करत नव्हती. पैसा लागला तर अडत्या, सावकार, नाहीतर सोयरा.

देशाचा हिशेबही तेच सांगत होता. 1951 मध्ये बँकांच्या कर्जातला उद्योगांचा वाटा सुमारे 34 टक्के होता, 1968 पर्यंत तो 64 टक्क्यांच्या आसपास गेला. ज्या शेतीवर बहुसंख्य देश जगत होता तिच्या वाट्याला जेमतेम दोन टक्के आले. उद्योगांतही कर्ज मोठ्या घराण्यांकडे एकवटत होतं, कारण बँकांच्या संचालक मंडळांवर उद्योगपती होते आणि त्या उद्योगांना कर्ज त्याच बँका देत होत्या. ठेवी सगळीकडून गोळा होत, कर्ज थोड्यांच्या हाती जाई. आर्थिक विषमता वाढवणारी यंत्रणा म्हणतात ती हीच. तिच्यात कुणाचा दुष्टावा असावाच लागत नाही. ज्याच्याकडे तारण आहे त्यालाच कर्ज द्यायचं, एवढा एक नियम पुरतो.

वऱ्हाडात या नियमाचं मूळ फार जुनं आहे. निजामाच्या तिजोरीला कर्ज देणाऱ्या पेस्तनजी मेहेरजींच्या पेढीकडे 1840 च्या दशकाच्या सुरुवातीला वऱ्हाडातल्या मोठ्या मुलखाचा महसूल तारण होता. वऱ्हाडचा कापूस मोठ्या प्रमाणावर मुंबईला नेणाऱ्यांत हीच पेढी आघाडीवर होती. 1853 च्या तहानं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आला, तोही निजामाच्या थकलेल्या देण्यापोटी. एक अख्खा प्रांत कर्जापोटी हस्तांतरित झाला, आणि मग त्या प्रांतातली शेतं कर्जापोटी हस्तांतरित होऊ लागली. रोख शेतसारा, गहाण ठेवता येणारी जमीन आणि दिवाणी कोर्ट या तीन गोष्टी एकत्र आल्यावर सावकाराचा कागद पूर्वीपेक्षा कितीतरी बळकट झाला. अमेरिकेतल्या यादवी युद्धात कापसाचे भाव चढले, रेल्वे आली, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी सुरू झाली. पुढे लोक तिला ‘शकुंतला’ म्हणू लागले. ती कापसासाठी होती आणि किलिक निक्सन या कंपनीशी जोडलेली होती. 1905 मध्ये वणी जिल्ह्याचं नाव यवतमाळ जिल्हा झालं, तोवर इथला पैसा कोणत्या वाटेनं वाहणार हे ठरून गेलं होतं.

ती वाट अशी. मोठी बँक हंगामात व्यापाऱ्याला कापसाच्या गाठींवर पैसे द्यायची. व्यापारी अडत्याला द्यायचा, अडत्या शेतकऱ्याला, आणि शेतकऱ्याच्या उधारीवर गावातला दुकानदार नि कारागीर जगायचा. प्रत्येक पायरीला व्याज चढत जायचं. सर्वांत स्वस्त पैसा वरच्याला आणि सर्वांत महाग खालच्याला. वखराची पास शेवटणाऱ्या लोहाराला मजुरी मिळायची ती कापूस विकल्यावर, पण कोळसा आणि लोखंड त्याला आधी लागायचं. ही मधल्या महिन्यांची तूट कोण भरून काढणार, हा लहान धंद्याच्या कर्जाचा खरा प्रश्न आहे. तो तेव्हाही होता, आजही आहे.

1904 च्या सहकारी पतसंस्था कायद्यानं या पायऱ्या मोडायचा पहिला प्रयत्न केला. वऱ्हाडात सोसायट्या निघाल्या, पण 1930 नंतरच्या मंदीत कापसाचे भाव कोसळले, वसुली थांबली आणि चळवळीचा कणाच मोडला. मध्य प्रांत-वऱ्हाडच्या सरकारनं 1933 मध्ये कर्ज सामोपचाराचा कायदा केला, पुढच्याच वर्षी सावकारीवर कायदा केला. कायद्यांनी जुनी देणी काही प्रमाणात कमी झाली. नवं, स्वस्त कर्ज कुठून आणायचं याचं उत्तर मात्र त्यांत नव्हतं. रिझर्व्ह बँकेच्या 1951-52 च्या ग्रामीण पतपाहणीनं ते उघडं केलं: शेतकऱ्यांच्या कर्जात सावकारांचा वाटा सुमारे 70 टक्के, सहकारी संस्थांचा 3.1 टक्के आणि व्यापारी बँकांचा 0.9 टक्का.

इथे एका माणसाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. धनंजयराव गाडगीळ जन्मले 1901 मध्ये नाशिकला, पण वाढले आणि शिकले नागपुरात. प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यात विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीनं त्यांनी केलेलं काम महाराष्ट्राला माहीत आहे. मला त्यांचं महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच काम. ऑक्टोबर 1969 मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटानं एक अहवाल दिला. बँकेचा मालक बदलला म्हणून कर्जाची दिशा बदलत नाही, हे गाडगीळांनी ओळखलं होतं. शाखा कुठे आहेत, त्या परिसरात कोणते धंदे आहेत, त्यांना काय लागतं, याचा जिल्हावार अभ्यास करा आणि एका बँकेला एका जिल्ह्याची जबाबदारी द्या, असा त्याचा गाभा होता. बँकर्सच्या नरिमन समितीनं त्याला आकार दिला आणि डिसेंबर 1969 मध्ये अग्रणी बँक योजना सुरू झाली. यवतमाळ जिल्हा सेंट्रल बँक ऑफ इंडियाकडे आला. सोराबजी पोचखानवालांनी 1911 मध्ये भारतीय पैशावर आणि भारतीय व्यवस्थापनाखाली उभी केलेली ही बँक. मुंबईच्या व्यापारात वाढलेल्या या संस्थेला आता आर्णी, महागाव, झरी या बाजूंच्या गावांचा विचार करावा लागणार होता. गाडगीळ मात्र हे फार दिवस पाहू शकले नाहीत. मे 1971 मध्ये ते गेले.

पुढची वीस वर्षं हा या कथेचा मुख्य भाग आहे. 1972 मध्ये गरिबांसाठी चार टक्के व्याजाची योजना आली. 1974 मध्ये बँकांना सांगितलं गेलं की एकूण कर्जातला एक तृतीयांश भाग 1979 पर्यंत शेती, लघुउद्योग, किरकोळ व्यापार अशा अग्रक्रमाच्या क्षेत्राला गेला पाहिजे. 1980 मध्ये तो आकडा 40 टक्क्यांवर नेला. 1977 मध्ये नियम आला की बँक असलेल्या गावात एक शाखा उघडायची असेल तर बँक नसलेल्या चार गावांत शाखा उघडा. 1969 च्या मध्याला देशात बँकशाखा होत्या सुमारे 8,260, त्यांतल्या ग्रामीण 1,833. 1990 पर्यंत एकूण शाखा साठ हजारांच्या घरात गेल्या आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त खेड्यांत होत्या. जगात इतक्या थोड्या काळात इतकं मोठं काम क्वचितच झालं असेल. रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी 2005 मध्ये या चार गावांच्या नियमाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या राज्यांत आधी बँका कमी होत्या तिथे या काळात शाखा वेगानं वाढल्या, ग्रामीण दारिद्र्य घटलं आणि शेतीबाहेरचं उत्पादन वाढलं, असं त्यांना आढळलं. त्यावर वाद झाले, कर्जबुडवेगिरीची मोठी किंमतही त्यांनी स्वतःच नोंदवली. तरीही मला हा निष्कर्ष पटतो, विशेषतः शेतीबाहेरच्या उत्पादनाचा. गावात बँक आल्यावर गाव नुसतं पेरणीसाठी कर्ज घेत नाही. कुणी पिठाची गिरणी टाकतो, कुणी शिलाई यंत्रं घेतो, कुणी सायकल दुरुस्तीचं दुकान काढतो.

मे 1978 पासून जिल्हा उद्योग केंद्रं सुरू झाली. परवाना, कच्चा माल, कर्जाची शिफारस, सगळं जिल्ह्याच्या ठिकाणी एका छपराखाली मिळावं हा हेतू. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात शेतीखेरीज ‘उद्योग, सेवा, व्यवसाय’ असा वेगळा भाग होता आणि आदिवासी कुटुंबांना अनुदान निम्म्यापर्यंत होतं. गोंड, कोलाम, परधान, आंध यांची मोठी वस्ती असलेल्या यवतमाळला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

पण कर्ज प्रत्यक्ष हाती कसं पडायचं ते पाहिलं पाहिजे, कारण विषमता धोरणाच्या कागदापेक्षा अर्जाच्या कागदावर जास्त ठरते. कारागीर बँकेत गेला की त्याला यंत्राचं कोटेशन आणायला सांगत. कर्ज मंजूर झालं की पैसे यंत्र विकणाऱ्याच्या नावे जात. यंत्र घरी यायचं. ते चालवायला लागणारं लोखंड, सूत, लाकूड, विजेचं बिल आणि माल विकून पैसे येईपर्यंतचा घरखर्च यांसाठी, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी, बँक हात आखडता घ्यायची. यंत्राला तारण म्हणता येतं, पुढच्या महिन्याच्या कामाला म्हणता येत नाही. मग कारागीर लोखंडाच्या दुकानदाराकडे उधारीवर जायचा, माल त्यालाच पडत्या भावात द्यायचा आणि स्वतःच्या यंत्रावर दुसऱ्याचा मजूर व्हायचा. हप्ता थकला की बँकेच्या दफ्तरी तो थकबाकीदार.

दुसरी अडचण घराची. गावठाणातल्या घरांना बहुतेक ठिकाणी मिळकत पत्रिकाच नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या राहतं घर बँकेच्या लेखी तारण नव्हतं. गावठाणातल्या मालकीचे कागद देणारी स्वामित्व योजना आली थेट 2020 मध्ये. याउलट 1962 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळानं ज्याला भूखंड दिला त्याच्याकडे दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा आला, आणि महामंडळाच्या संमतीनं तो बँकेकडे तारण ठेवता येत होता. भूखंडाबरोबर पत मिळाली. लोहाऱ्याला एमआयडीसी झाली तेव्हा एकाच शिवारात हे दोन प्रकारचे नागरिक शेजारी आले: ज्याच्या जागेवर कर्ज मिळतं तो, आणि ज्याच्या जागेवर मिळत नाही तो. दोघांच्या हाताला कसब किती आहे, हे अर्जात कुठे विचारलेलं नसतं.

यवतमाळच्या बाजारपेठेची आणखी एक गाठ कापसाशी होती. 1972 पासून वसंतराव नाईकांच्या काळात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. नाईक याच जिल्ह्याचे, पुसदजवळच्या गहुलीचे. अडत्याच्या तावडीतून शेतकरी सुटावा हा योजनेमागचा विचार खरा होता. पण पैसे हप्त्यांनी येत, आणि सोसायटीचं कर्ज त्यातून आधी कापलं जाई. चुकारा लांबला की किराण्याची, कापडाची, लोहाराची उधारी लांबायची. शेतकऱ्याच्या कर्जाचा विचार करणाऱ्यांनी त्याच्या उधारीवर चालणाऱ्या लहान धंद्याचा विचार त्याच्यासोबत केला नाही. माझ्या मते या काळातली ही मोठी चूक होती.

ऐंशीच्या दशकात कर्जमेळावे भरू लागले. मंडपात यादी वाचून कर्ज वाटलं गेलं, तेव्हा धंद्याची पाहणी मागे पडली. 1989 मध्ये प्रत्येक शाखेला ठरावीक पंधरा-पंचवीस गावं वाटून दिली. त्यामुळे जबाबदारी निश्चित झाली, पण आपल्या शाखेनं नकार दिला तर कर्जदाराला दुसरी वाटही राहिली नाही. 1990 मध्ये दहा हजारांपर्यंतची ग्रामीण थकबाकी माफ झाली, तिच्यात कारागीर आणि विणकरही होते. ज्यांनी वेळेवर फेडलं त्यांच्या पदरी काही पडलं नाही, आणि बँकांना हात आखडण्याचं कारण मिळालं.

बँकिंग सुधारणांसाठीच्या 1991 च्या नरसिंहम समितीनं अग्रक्रमाचं क्षेत्र 40 वरून 10 टक्क्यांवर आणायला सुचवलं. सरकारनं तो आकडा मान्य केला नाही. पण चार गावांचा नियम गेला होता आणि अग्रक्रमाची व्याख्या हळूहळू रुंद होत गेली. त्याच सुमारास आलेला एक अहवाल मात्र विसरला गेला, आणि तो मला नरसिंहम समितीइतकाच मोलाचा वाटतो. पी. आर. नायक समितीनं 1992 मध्ये लघुउद्योगांना मिळणाऱ्या खेळत्या भांडवलाचं मोजमाप केलं. लघुउद्योगांना त्यांच्या उत्पादनाच्या 8.1 टक्के इतकं खेळतं भांडवल बँकांकडून मिळत होतं. ग्रामोद्योग आणि अगदी लहान घटकांना मिळत होतं 2.7 टक्के. गरज किमान 20 टक्क्यांची आहे, असं समितीचं म्हणणं. म्हणजे राष्ट्रीयीकरणानंतर तेवीस वर्षांनी, ‘लघुउद्योग’ या एकाच नावाखाली, वरच्याला पत जास्त होती, खालच्याला फार कमी. आणि दोघांनाही पुरेशी नव्हतीच.

नव्वदच्या दशकात लोहाऱ्याच्या एमआयडीसीत रेमंडचा डेनिमचा कारखाना उभा राहिला, 2006 मध्ये त्यात बेल्जियमची यूको ही कंपनी भागीदार झाली. मोठा कारखाना येणं यवतमाळला हवंच होतं, त्यानं रोजगार दिला. पण कापसाच्या जिल्ह्यात कापडापर्यंतची साखळी लहान उद्योजकांच्या हाती वाढली असती तर चित्र आणखी वेगळं असतं. जिनिंगचा सुटा भाग बनवणारा, रंगाई करणारा, जीन्स शिवणारा यांना लागणारं भांडवल मोठ्या प्रकल्पाच्या मानानं किरकोळ होतं. मोठ्या प्रकल्पाचा अर्ज बँकेच्या वरिष्ठ कार्यालयात जातो, सल्लागार तो तयार करतात. लहान उद्योजकाचा अर्ज एका शाखाधिकाऱ्याच्या टेबलावर असतो, आणि त्या अधिकाऱ्याची बदली दोन-तीन वर्षांत ठरलेली असते.

2006 च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंगांनी शेतकरी आत्महत्यांनी हादरलेल्या विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात यवतमाळ होता. 2008 च्या देशव्यापी कर्जमाफीत पूर्ण माफी मिळाली ती दोन हेक्टरपर्यंतच्यांना. कोरडवाहू वऱ्हाडात तीन-चार हेक्टरचा मालकही गरीबच, तो त्या रेषेबाहेर राहिला. एका आकड्यानं पश्चिमेकडच्या बागायतदाराला आत घेतलं आणि इकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला बाहेर ठेवलं. शेतकऱ्याच्या हाती पैसा नसला की गावातला लहान धंदा मरतो. त्याच्यासाठी कुठलंच पॅकेज निघालं नाही.

याच काळात एक गोष्ट चांगली झाली, ती बायकांनी केली. नाबार्डनं 1992 पासून बचतगटांना बँकांशी जोडलं. तारण नाही, जामीनदार म्हणजे गटातल्या दहा-पंधरा जणी. हप्ते वेळेवर आले. पत मालमत्तेत नसते, व्यवहारात असते, हे त्यांनी सिद्ध केलं. दुःख हे की गटाचं कर्ज बहुधा पापड, शेळ्या, किरकोळ दुकान इतक्यावरच थांबलं. पुढची पायरी बांधलीच गेली नाही. यवतमाळ शहरात महिलांच्या नावानं उभी राहिलेली बाबाजी दाते महिला सहकारी बँकही टिकली नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेनं तिच्यावर निर्बंध आणले, ठेवीदाराला पाच हजारांपलीकडे काढता येईना, आणि पुढच्या वर्षी परवाना रद्द झाला. अशी बँक बुडते तेव्हा फळविक्रेता, शिंपी, लहान दुकानदार यांचं खेळतं भांडवलच गोठतं, कारण त्यांची बचत आणि भांडवल एकाच खात्यात असतं.

2015 च्या एप्रिलमध्ये मुद्रा योजना आली. पन्नास हजारांपर्यंत शिशू, पाच लाखांपर्यंत किशोर, दहा लाखांपर्यंत तरुण. तारण नको, ही तिची मोठी देणगी, आणि ती मान्य केली पाहिजे. पण खात्यांची बहुसंख्या शिशू गटातच राहिली. पन्नास हजारांत हातगाडी येते, वेल्डिंगचं दुकान उभं राहत नाही. दुसरीकडे, 1 एप्रिल 2025 पासून सूक्ष्म उद्योगाची व्याख्या अडीच कोटींची गुंतवणूक आणि दहा कोटींची उलाढाल इथपर्यंत ताणली गेली. बँकेनं आपलं सूक्ष्म उद्योगांचं उद्दिष्ट दहा कोटी उलाढालीच्या कारखान्याला कर्ज देऊन पुरं केलं तरी नियमाप्रमाणे ते बरोबर. लोहाऱ्याचा वेल्डर आणि तो कारखाना आता एकाच रकान्यात आहेत.

गाडगीळांची योजना अजून कागदावर जिवंत आहे. दरवर्षी जिल्ह्याचा वार्षिक पतपुरवठा आराखडा तयार होतो, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बँकांची बैठक होते, कुणाला किती कर्ज दिलं याचे आकडे मांडले जातात. यवतमाळच्या कारागीर संघटनांनी, बचतगटांच्या महासंघांनी, एमआयडीसीतल्या लहान उद्योजकांनी आणि इथल्या पत्रकारांनी त्या आकड्यांत दोन गोष्टी वेगळ्या मागाव्यात: दहा लाखांखालच्या उद्योगांना दिलेलं खेळतं भांडवल किती, आणि जिल्ह्यातल्या ठेवींपैकी किती पैसा जिल्ह्यातच कर्ज म्हणून फिरला. नायक समितीनं असं मोजमाप केलं म्हणून 2.7 टक्क्यांची लाज उघड झाली होती. ते आता जिल्ह्यानं स्वतः करावं, आणि येत्या बैठकीपासूनच सुरू करावं.